तहानेचा उद्गार

"तिसरा उद्गार आपल्या सुवार्ताचा," पाळकबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं आणि चहाचा ट्रे माझ्यापुढे धरला.

मी कप उचलला नाही. "मला तिसरा नको," मी म्हणाले. "मला चौथा द्या."

पडवीत बसलेल्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत सापडले की ते चष्मा पुसत, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांचा चष्मा कायम लखलखीत असे.

गोष्ट जुनी आहे, म्हणून थोडं सांगायला हवं. आमच्या पिंपळदऱ्याच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला भर दुपारी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावर खिळलेल्या येशूने मरण्यापूर्वी जे सात उद्गार काढले, त्यांवर मंडळीतले सात जण एकेक करून बोलतात. कोणाला कुठला उद्गार, हे आदल्या रविवारी पाळकसाहेबांच्या पडवीत ठरतं, आणि त्यावरून जेवढं राजकारण होतं तेवढं ग्रामपंचायतीतही होत नसेल. तिसरा उद्गार रिवाजाने बाईमाणसाचा. त्यात येशू आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो. चौथा सगळ्यांत जड. त्यात तो देवालाच विचारतो की, मला का सोडलंस? तो पेलायला जाणता माणूस लागतो, म्हणून तो वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे होता. तो माणूस म्हणजे माझे सासरे, अहरोन केदारी, मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर आणि मंडळीचे पंच. मी त्यांना मामा म्हणायची.

मामा माझ्या समोरच्याच खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, ताठ मान. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांचा उद्गार त्यांच्या सुनेने चारचौघांत मागितला होता.

"अगं पण तिसरा तर आईचा असतो," पाळकबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि यंदा तुझ्याइतकं कोण..."

"म्हणूनच नको. माझा मुलगा गेला म्हणून मला आई म्हणून पुढे उभं करायचं आणि सगळ्यांनी डोळे पुसायचे, हे मला जमणार नाही."

मला तेव्हाही तोंड सांभाळून बोलता येत नव्हतं, आजही येत नाही. पाळकबाईंचा चेहरा उतरला. बिचारीने वाईट मनाने म्हटलं नव्हतं.

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली.

"द्या तिला चौथा," ते म्हणाले. "मी पाचवा घेतो. तहानेचा."

"मंग तिसरा कुनाला?" कोपऱ्यातून मार्थाकाकूंनी विचारलं.

"तुम्हाला," पाळकसाहेब घाईघाईने म्हणाले.

"मला? आन् म्या काय बोलू? मला काय येतंय बोलाया?" असं म्हणत म्हणत काकूंनी पदर सावरला. तेवढ्यात त्यांनी मनातल्या मनात निम्मं भाषण रचलंसुद्धा असेल.

घरी जाताना मामा पुढे आणि मी मागे. मी चौथा उद्गार का मागितला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला व्यासपीठावर उभं राहून, सगळ्या मंडळीसमोर, वर कोणीही नाही एवढंच सांगायचं होतं. मग मधल्या वाटेने चालत दाराबाहेर पडायचं आणि त्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. हे माझं पक्कं ठरलं होतं.

इमू आदल्या ऑक्टोबरात गेला. नाव इमानुएल, पण एवढं लांब नाव घेऊन हाक मारायला कोणाला वेळ होता? मी मिशनच्याच शाळेत शिकवत होते आणि तो माझ्याच शाळेत पहिलीत होता. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आम्ही त्याला नगरला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

इकडे गावात मंडळीने साखळी-प्रार्थना धरली. आमच्यात ही पद्धत आहे. चर्चमधल्या लहान खोलीत एकाने गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, दुसरा येऊन गुडघे टेकेपर्यंत पहिल्याने उठायचं नाही. दिवसरात्र, तासामागून तास. साखळी तुटू द्यायची नाही. वर उपास. मार्थाकाकूंपासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे बसले होते. मी हॉस्पिटलात इमूच्या उशाशी होते आणि मला वाटत होतं, एवढी माणसं धरून आहेत म्हणजे तो निसटणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आम्ही त्याला गावी आणलं तेव्हा मामा दारात उभे होते. ते पुढे आले, नातवाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाची इच्छा." बस्स. डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतर जो भेटायला येई त्याला तेच उत्तर, देवाची इच्छा. ते दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाची लाही लाही होई. कसली इच्छा आणि कोणाची? सहा वर्षांच्या पोराचा जीव घेऊन कोणाचं काय भलं झालं?

माझे मालक, विनय, एसटीत ड्रायव्हर. त्यांचं दुःख निराळं. ते लांबच्या ड्युट्या मागून घ्यायला लागले. त्यामुळे घरात उरलो मी आणि मामा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. दोन माणसं, एक चूल, आणि मधे न बोललेलं केवढंतरी.

मी चर्चला जात होते, पण उगाच. गायनं म्हणताना ओठ हलवायचे, प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि आत काळाकुट्ट अंधार. लहानपणापासून डोळे मिटले की समोर कोणीतरी आहे असं वाटायचं. ते वाटणंच बंद झालं होतं. मला सगळ्यांत भीती त्याचीच वाटत होती, हे आज कबूल करते. रागाचं काय, राग येतो नि जातो. पण तिथे कोणी नसेलच, तर मग माझा इमू गेला तरी कुठे?

गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाची उपासना आटोपून आल्यावर, मी भाकरी वाढली. मामांनी एक घास घेतला.

"उद्या काय बोलणार आहेस?"

"जे मनात आहे ते."

"मनात काय आहे?"

मला वाटलं, लपवून काय करायचंय. "मामा, वर कोणी नाही. हेच सांगणार आहे."

त्यांचा हात ताटात थांबला. मला वाटलं, आता गर्जना होणार. शाळेत मास्तरांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरं ताठ बसायची. पण ते भाकरीचे तुकडे करत राहिले.

"माझ्या मनात त्याहून वाईट आहे," ते म्हणाले.

"काय?"

"वर कोणीतरी आहे, हे." आणि ते ताट सारून उठले.

मला काही अर्थबोध झाला नाही. म्हातारपणी माणसं कोड्यात बोलायला लागतात असं म्हणून मी ताट उचललं.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. चर्चवर पत्र्याचं छप्पर, आणि वीज नेहमीप्रमाणे बाराच्या ठोक्याला गेली. आम्हां लोकांत गुड फ्रायडेला तीन वाजेपर्यंत कडक उपास. मंडळीच्या नियमात पाण्याबद्दल कुठे काही नव्हतं, पण मामांचा नियम मंडळीच्या नियमापेक्षा मोठा होता. व्हरांड्यात एक माठ असे. त्या दिवशी सकाळीच मामा जाऊन त्या माठावर झाकण घालत आणि वर पेला उपडा ठेवत. पेला उपडा दिसला की लहान पोरंही माठाकडे फिरकत नसत. दरवर्षीचं ते होतं आणि त्या वर्षीही त्यांनी ते केलं. मी पाहिलं होतं.

पहिला उद्गार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मार्थाकाकू उभ्या राहिल्या आणि "मला काय येतंय बोलाया" म्हणणारी ती बाई अशी काही सुटली की पाळकसाहेबांना दोनदा खाकरावं लागलं. मग गायन झालं. मग माझं नाव.

मी पायऱ्या चढले. समोर सगळी ओळखीची तोंडं, पदरांनी आणि गायनपुस्तकांनी वारा घेणारी. विनय नव्हते. त्यांनी मुद्दाम ड्युटी लावून घेतली होती. पहिल्या बाकावर मामा, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"या उद्गाराचा अर्थ मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "माझा फक्त एक प्रश्न आहे. माझा इमू शेवटच्या दिवशी शुद्धीवर आला होता. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. दुपारची वेळ होती. तो मला म्हणाला, आई, पाणी."

वारा घेणारे पदर थांबले.

"डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, तोंडाने थेंबही द्यायचा नाही, घशात अडकेल. मी दिलं नाही. ओला कापूस त्याच्या ओठांना लावत राहिले. तो मागत होता आणि मी नाही म्हणत होते. तो माझ्याकडे मागत होता आणि मी देवाकडे मागत होते. दोघांनाही मिळालं नाही. मग तो गेला. मला विचारायचंय, का? इथे तुम्ही सगळे गुडघ्यांवर होतात. साखळी धरून होतात. तरी का? ज्याअर्थी उत्तर आलं नाही, त्याअर्थी..."

पुढचं वाक्य मी घोकून ठेवलं होतं. ते आलं नाही. घसा इतका सुकला होता की जीभ टाळ्याला चिकटली. मी दोनदा तोंड उघडलं. मग वाटलं, जाऊ दे, न बोलताच निघू. पण पाय उचलेनात. मी व्यासपीठाची लाकडी कड धरून उभी राहिले आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघत राहिली. एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मामा उठले.

ते माझ्याकडे आले नाहीत. मधल्या वाटेने ताड ताड चालत दाराबाहेर गेले. मागे कोणीतरी "मास्तर चिडले" असं कुजबुजलं. मलाही तेच वाटलं. मग व्हरांड्यातून माठाचं झाकण सरकल्याचा आवाज आला.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता. पाणी लेंग्यावर सांडत होतं. ते पायऱ्या चढून आले आणि पेला माझ्यापुढे धरला.

"घे."

"मामा, उपास..."

"घे म्हणतो ना."

मी पेला घेतला, पण प्यायले नाही. त्यांनी मंडळीकडे तोंड केलं. नेहमी ते बोलायला उभे राहिले की आधी शर्टाची कॉलर सारखी करत. त्या दिवशी केली नाही.

"पाचवा उद्गार माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "मी तयारी केली होती. ती आता नको. मला तुम्हाला एक सांगायचंय. ज्या दुपारी इमू गेला, त्या दुपारी साखळीत माझी पाळी होती. मी आत एकटा होतो. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन होतं. मला तहान लागली. मी ती मारली, पुन्हा लागली. शेवटी मी उठलो. माझ्या जागी कोणी आलेलं नसताना उठलो. बाहेर जाऊन माठातलं पाणी प्यालो. प्यालो, पेला ठेवला, आणि समोरून शाळेचा शिपाई धावत येताना दिसला. शाळेत नगरहून फोन आला होता."



"साखळी मी तोडली. एका पेल्यासाठी. तेव्हापासून मी सगळ्यांना देवाची इच्छा, देवाची इच्छा सांगत फिरतोय. कारण माझं पाप, असं म्हणायची हिंमत झाली नाही. मला वाटत होतं, वर एक पंच बसलाय, माझ्यासारखाच. नियम मोडला की पोराचा जीव घेणारा. मी त्याच्यापुढे गुडघे टेकत होतो ते भीतीने. प्रेम उरलंच नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि आता ही सांगते, त्याच दुपारी तोही पाणी मागत होता."

त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं, हे आता खाली बसतील. पण मास्तर शेवटी मास्तर. त्यांनी व्यासपीठाची दुसरी कड धरली.

"आत्ता त्या बाकावर बसलो असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी चौथ्या उद्गारावर बोललो, पण पाचवा कधी नीट ऐकलाच नाही. प्रभूने देवाला विचारलं, मला का सोडलंस? वरून उत्तर आलं नाही. त्यालाही आलं नाही! मग तो काय म्हणाला? तहान लागली म्हणाला. देवाचा पुत्र, आणि मरताना पाणी मागतो. कोणीतरी काठीला ओला बोळा बांधून त्याच्या ओठांना लावला. अरे, ज्याला स्वतःला तहान काय असते ते ठाऊक आहे, तो मला एका पेल्याची शिक्षा करेल? आणि तीही माझ्या नातवाला?" मग ते माझ्याशी बोलले, अगदी हळू, घरात बोलावं तसं. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, पोरी. तुला तहान लागली आहे एवढं मला दिसतंय. पी."

मी प्यायले.

ते पाणी घशातून उतरलं आणि माझ्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलची खाट आली. सहा महिने ती खाट माझ्यापुढे येत होती आणि प्रत्येक वेळी तिथे आम्ही दोघंच असायचो, मी आणि इमू, आणि वरचं छत. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की तिथे आम्ही दोघंच नव्हतो. माझं लेकरू ज्या तहानेत होतं, त्या तहानेत त्याच्याआधी कोणीतरी उतरलेला होता. मी जो कापूस बोटांत धरत होते, तो मी दोघांच्या ओठांना लावत होते. तो वर नव्हताच. मी सारखं वर बघत होते, म्हणून मला दिसला नव्हता. तो खाटेवर होता.

का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण इमू एकटा गेला नाही, हे कळलं, आणि छातीवरची धोंड कोणीतरी उचलून बाजूला ठेवली.

पेल्यात अर्धं पाणी उरलं होतं. मी तो मामांपुढे केला. "तुम्ही घ्या."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"घ्या म्हणते ना," मी म्हणाले.

आणि अहरोन मास्तर, गुड फ्रायडेच्या भर दुपारी, व्यासपीठावर उभं राहून, सगळ्या मंडळीदेखत पाणी प्याले. पिताना ते लहान मुलासारखे हुंदके देत होते. सगळ्यांत आधी मार्थाकाकू रडल्या, मग पाळकबाई, मग कोणाचं कोणाला भान राहिलं नाही. पाळकसाहेब चष्मा पुसत होते, पण त्या दिवशी खरोखर पुसायची गरज होती.

मी मधल्या वाटेने चालत गेले ती दारापर्यंत नाही. पहिल्या बाकाशी वळले आणि मामांच्या शेजारी बसले. सहावा आणि सातवा उद्गार तिथेच बसून ऐकला. डोळे मिटले तेव्हा समोर कोणीतरी होतं.

घरी जाताना आम्ही बरोबरीने चाललो.

"बाहेर पडणार होतीस ना?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आज चपला मधल्या वाटेसमोरच्या दाराशी काढून ठेवल्या होत्यास. इतर बायकांच्या चपला बाजूच्या दाराशी असतात." मग म्हणाले, "तीन वाजून गेले. भाकरी टाकतेस का? पोटात कावळे ओरडतायत."

मला हसू आलं. इमू गेल्यानंतर त्या घरात हसण्याचा तो पहिला आवाज.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाते. मी तिथे ऑक्टोबरनंतर पाऊल टाकलं नव्हतं. त्या पहाटे विनयही आले. मामांच्या एका हातात मेणबत्ती होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. इमूच्या कबरेवर कोणीतरी सदाफुली लावली होती. कोणी, ते मी विचारलं नाही, पण रोज सकाळी फिरायला जाण्याची मामांची सवय तेव्हा माझ्या ध्यानात आली. त्यांनी वाकून रोपाला पाणी घातलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

झुंजुमुंजू झालं तसे पाळकसाहेब उंचवट्यावर चढले आणि त्यांनी घोषणा केली, "प्रभू उठला आहे!"

त्यावर मंडळीने द्यायचं उत्तर लहानपणापासून माझ्या तोंडात बसलेलं. पण त्या दिवशी मी ते ओठ हलवून म्हटलं नाही. ते पोटातून आलं.

"खरोखर उठला आहे!"

एवढ्या मोठ्याने की पुढे उभ्या असलेल्या पाळकबाई दचकून मागे वळल्या आणि झाडावरचे पक्षी उडाले. विनयनी माझा हात धरला. मामांनी इमूच्या कबरेवरची नजर काढली नाही. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, तेवढं त्यांनी माझ्यापुढे केलं.

"घे," ते म्हणाले. "घसा बसेल."